चोपन्न पत्त्यांत न मावलेला खांब्या

मध्यंतरी आमच्या जिन्यात अशी आवई उठली होती की, माझ्या समोरच्या दारातल्या डायवाल्यांनी घरात जुगाराचा अड्डा काढलाय. पुरावे भक्कम होते. दर रविवारी दुपारी तीनला त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा, आतून पत्ते पिसल्याचा आवाज यायचा, मधूनच कुणीतरी "बुडालो, बुडालो!" म्हणून ओरडायचं आणि पाचच्या सुमारास जो तो पडेल चेहऱ्यानं बाहेर यायचा. जिंकून बाहेर आलेला माणूस कुणी पाहिलाच नव्हता.

आवई उठली म्हटल्यावर ती कुणी उठवली हेही सांगायला हवं. मीच उठवली. दुधाच्या दुकानात सहज म्हटलं, "रविवारी अख्खा जिना बुडाला म्हणे!" बस, एवढंच. बाकीचं लोकांनी केलं. पुढच्या रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी चौकशीला हजर. त्यांना टेबलावर काय दिसलं? कागदावर काढलेल्या सात पायऱ्या, त्यांवर सरकवायला बाटलीचं निळं झाकण आणि हातानं कापलेले पत्ते, ज्यांच्या पाठीवर छापलं होतं, "जेवणानंतर दोन चमचे. बाटली हलवून घ्यावी." सेक्रेटरींनी दोन प्रश्न विचारले, खुर्ची ओढली आणि तासाभरानं तेही बुडून बाहेर पडले.

जुगार नव्हता तो. त्या खेळात कुणी कुणाला हरवतच नाही. तळ्याचं पाणी पायरी पायरीनं वर चढतं. तळ्याच्या बुडाशी पडलेली घंटा सगळ्यांनी मिळून वर काढायची. पाणी सातव्या पायरीला टेकायच्या आत घंटा वर आली तर सगळे जिंकले, नाहीतर सगळे गेले. आणि हा खेळ डायवाल्यांनी बायकोच्या कादंबरीवरून बेतला होता.

आधी डायवाल्यांविषयी. खोकी बनवणाऱ्या छापखान्यात एकतीस वर्षं ते डाय-कटिंगच्या मशीनवर होते. औषधाच्या बाटलीचं खोकं तुम्ही कडेनं दाबलंत की अगदी ठरल्या जागी दुमडतं ना, ती रेघ मारणारा माणूस हा. हाताला इतकी सवय की बसचं तिकीट मिळालं तरी त्याची चौकोनी घडी होते. बोलणं बेताचं, आवाज त्याहून बेताचा, आणि नाही म्हणायची तर माहितीच नाही. न्हाव्यानं एकदा भलत्याच गिऱ्हाइकाच्या नादात यांच्या मिशा उडवल्या, तर हे म्हणाले, "असू द्या." कुणी काही मागितलं, ढकललं, दटावलं की यांचं एकच उत्तर, "बघतो." त्या एका शब्दावर सगळ्या जिन्यानं यांना वर्षानुवर्षं वापरून घेतलंय. मीही. माझ्या माळ्यावरची पाण्याची टाकी दोनदा त्यांनीच साफ केली.

त्यांची बायको दवाखान्यात केसपेपर लिहिते. नाव, वय, काय होतंय, पुढचा. दिवसभर लोकांची दुखणी लिहून ती घरी यायची आणि एका तळ्याची गोष्ट लिहीत बसायची. नऊ वर्षं लिहिली. सहाशे बारा पानं. तळ्याखाली एक शहर, शहरात न मिटणाऱ्या डोळ्यांची घुबडराणी, अर्धा मंत्र विसरणारा मांत्रिक, डोंगर खाणारा पण बेडकाला भिणारा राक्षस, असली सत्तेचाळीस पात्रं. पुस्तक छापून आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं, तिला लेखिकाबाई म्हणायला लागलो, पुस्तकाला ठोकळा म्हणायला लागलो आणि ते वाचायचं काही मनावर घेतलं नाही. बाहेरच्या जगानंही आमचाच कित्ता गिरवला. गठ्ठे परत आले, पलंगाखाली गेले. कचरा काढायला आता पलंगाखाली झाडू जात नाही, असं ती हसत हसत सांगायची.

दुसरा भाग तिनं सुरू केला होता. निळ्या फायलीत तीन प्रकरणं झाली होती. मग एक दिवस डायवाल्यांनी लाँड्रीतून कपडे आणले, हिशोबाला यादी उघडली. चादरी दोन, उशांचे अभ्रे चार, शर्ट पाच. कागद उलटा केला तर मागं तळ्याचं शहर. दुसऱ्या भागाचं पान होतं ते. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. बाई फायलीतलं एकेक पान काढून त्याच्या पाठीवर कपड्यांची यादी करत होती.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं होतं.

"काय बोलणार वहिनी? पानं तिची आहेत."

"अहो, पण थांबवायचं तरी!"

"बघतो," म्हणाले.

आणि त्यांनी बघितलं ते असं. डाय-कटिंगचं जुनं मशीन मोडीत निघणार होतं आणि त्याच महिन्यात हेही निवृत्त होणार होते. मालक म्हणाला, "जाता जाता तुमचं स्वतःचं एक काम काढून घ्या मशीनवर. दोनशे ताव माझ्याकडून." फडताळात पत्ते कापायची एक जुनी डाय, म्हणजे पात्यांचा साचा, पडून होती, कुठल्याशा बिस्किटवाल्यानं जाहिरातीसाठी करून घेतलेली. एका तावातून चोपन्न पत्ते. डायवाल्यांच्या डोक्यात तेव्हा पेटलं. पुस्तक कुणी वाचत नाही ना, मग त्यातली माणसं लोकांच्या हातात देऊ. खेळता खेळता ओळख होईल, कुणीतरी विचारील की या घुबडराणीचं पुढं काय होतं, आणि ते बायकोच्या कानावर गेलं की ती ती फाइल उघडेल, पण या खेपेला सुलट्या बाजूनं. माणसाला एवढंच हवं होतं. त्यासाठी त्यानं ठोकळा चार वेळा वाचला. जिन्यातला तो एकमेव वाचक.

अडचण एकच होती. चोपन्नातले चौदा पत्ते संकटांचे. तेवढे नसले तर पाणी चढतच नाही आणि खेळ म्हणजे नुसतं बसून राहणं होतं. उरले चाळीस. पात्रं सत्तेचाळीस. सातांचा पत्ता कापायचा.

आता आमच्या जिन्याचं वैशिष्ट्य सांगते. लेखिकाबाई कितीही म्हणोत की सगळं काल्पनिक आहे, आम्हाला काय दिसत नाही? तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका तुमच्याकडं बघत असताना पापणी लववत नाहीत. तळमजल्याचे टायपिस्ट आजोबा अर्ध्या वाक्यात "ते हे आपलं" म्हणून थांबतात. वरचा जिमवाला दंड थोपटत फिरतो आणि पाल दिसली की सोफ्यावर चढतो. आणि त्या तळ्याकाठी एक नऊ जिभांची साळुंकी आहे, जी एकाच वेळी नऊ घरांत नऊ वेगळ्या बातम्या देते. ती कोण हे मी सांगत नाही. डायवाल्यांच्या हातातली पात्रांची यादी बघून मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस लेखिकाबाईंशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण सांगण्यासारखं बरंच साचलं होतं.

सात जण गळणार ही बातमी मी जिन्यात पोचवली, आणि काय सांगू, चार वर्षं ज्या ठोकळ्याला कुणी हात लावला नव्हता त्याच्या प्रती पलंगाखालून बाहेर पडायला लागल्या. प्रत्येक जण आपलं पान शोधायचा. फक्त आपलं. आजोबांनी तर मांत्रिकाची एवढी अकरा पानं झेरॉक्स करून पुस्तक परत दिलं. मग एकेक जण डायवाल्यांच्या दारात.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मला त्या पात्राशी काही देणंघेणं नाही. पण राणीच काढली तर शिस्त कोण ठेवणार?"

जिमवाला म्हणाला, "काका, आपला राक्षस ठेवा, फक्त ते बेडकाचं जरा काढून टाका."

"ते तिनं लिहिलंय रे."

"मग बेडकाच्या जागी वाघ करा ना!"

"बघतो."

मीही गेले. एकदा साखर मागायला, एकदा ती परत करायला, एकदा उगाचच आणि एकदा स्पष्ट. स्पष्ट गेले तेव्हा म्हणाले, "डायवाले, माझी साळुंकी उडवलीत तर बघा हं, तुमच्याबद्दल जिन्यात काय काय सांगीन!" गंमतीनं म्हटलं होतं मी. बहुतेक.

रविवारचे खेळ त्याच सुमारास सुरू झाले. टाकाऊ खोक्यांच्या पुठ्ठ्यातून त्यांनी सगळ्या सत्तेचाळीस पात्रांचे पत्ते कापले होते, म्हणून ते खोकल्याच्या औषधाचं लेबल. पहिल्या रविवारी जो गोंधळ घातला आम्ही! हयातभर एकमेकांवर कुरघोडी करत पत्ते खेळलेली माणसं आम्ही. पत्ते हातात आले की छातीशी धरले. डायवाले काकुळतीला येऊन सांगताहेत, "अहो, दाखवा एकमेकांना, इथं सगळे एका बाजूचे आहात." कोण ऐकतं? आजोबांच्या हातात दोरखंडवाला होता, माझ्याकडं गळवाला होता, दोन्ही मिळून घंटा वर येत होती, आणि आम्ही दोघंही मनात म्हणतोय, कळू नाही द्यायचं. मुख्याध्यापिकांनी घुबडराणी शेवटपर्यंत टाकली नाही, कारण टाकली की ती पुन्हा पिसायच्या पत्त्यांत जाते. "मी माझी राणी अशी ढिगात टाकणार नाही," म्हणाल्या. राणीसकट बुडालो.

चौथ्या रविवारी जरा अक्कल आली. त्या खेळात खांब्या नावाचा एक पत्ता आहे. कादंबरीत हा माणूस पहिल्या पानापासून पाण्यात उभा आहे, खांद्यावर पूल घेऊन. सहाशे बारा पानांत दोनदा बोलतो. शहरातले सगळे त्याच्या खांद्यावरून इकडून तिकडं जातात, त्यांची भांडणंही तिथंच होतात, आणि कुणी खाली वाकून बघत नाही. पत्ता म्हणून त्याचं काम असं की, तो टेबलावर असला की आपल्या हातातला पत्ता दुसऱ्याला फुकटात देता येतो. नसला तर देणाऱ्यानं पाण्याला एक पायरी द्यायची. त्या दिवशी खांब्या लवकर आला. मी आजोबांना गळवाला दिला, मुख्याध्यापिकांनी दात ओठ खाऊन राणी टाकली आणि घंटा वर आली! जिमवाला एवढ्यानं ओरडला की स्वयंपाकघरातून लेखिकाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"काय झालं?"

"जिंकलो!" आजोबा म्हणाले. "तुमचं ते... ते हे आपलं..."

"तळं," तिनं पुरं केलं. आणि हसली. मी पाहिलं ना. डायवाल्यांनी पाहिलं की नाही कुणास ठाऊक, ते पत्ते गोळा करत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्या आठवड्यात त्यांना यादी द्यायची होती. सहा पात्रं सहज गेली. तीन शिंगांची बकरी, दोन पहारेकरी, असली बिनवारसाची मंडळी. सातवं कोण? हे विचारायला मीच खिडकीतून डोकावत होते, पण ते सांगेनात. गुरुवारी मजकूर छापखान्यात गेला. शुक्रवारी प्लेट झाल्या आणि दोनशे ताव छापून सुद्धा झाले. कटिंग सोमवारी. तोच मशीनचाही शेवटचा दिवस आणि त्यांचाही.

रविवारी आम्ही चाळीसच पात्रांनी खेळलो. पाच डाव. पाचही बुडाले. चौथ्या डावात पाणी सहाव्या पायरीवर आणि घंटा अजून बुडाशीच. चूक कुणाची ते कळेना. आता आम्ही सगळे शहाणे झालो होतो, पत्ते उघडे मांडले होते, आजोबा सुद्धा वाक्यं पुरी करत होते, तरी एकमेकांना काही द्यायला गेलं की पाणी वर. डायवाले प्रत्येक डावाला ओशाळून म्हणायचे, "पुन्हा पिसतो."

पाचव्या डावाला लेखिकाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. तशा त्या कधी बसत नसत. म्हणाल्या, "खांब्या कुठाय?"

डायवाले पत्त्यांच्या कडा जुळवत बसले.

"मी काय विचारतेय? खांब्या अजून आला कसा नाही?"

"काढला," ते म्हणाले.

"कुणी?"

"मीच. एक जास्त होत होता. तसाही तो नुसता उभाच तर असतो गं. मला वाटलं, एक पायरी जाईल फार तर."

बाईंचा आवाज चढला नाही. केसपेपर लिहिताना असतो तसाच सपाट होता. "सहाशे बारा पानं कुणाच्या खांद्यावर उभी केली मी? चार वेळा वाचलंत म्हणता. काय वाचलंत?"

मला त्या घटकेला कळलं, खांब्या कोण ते. कळायला काय, आधीही कळलं असतं. पण मी साळुंकीची पानं सोडून दुसरी वाचली होती कुठं?

"उद्या बदलता येईल?" तिनं विचारलं.

"छापून झालेत ताव."

"मग संपलं," म्हणून ती आत गेली.

सोमवारी सकाळी डायवाले नेहमीपेक्षा तासभर आधी गेले. मालकाच्या हातापाया पडले म्हणे, जे त्यांनी एकतीस वर्षांत पगारवाढीसाठीही केलं नव्हतं. मालक भला माणूस, पण तो तरी काय करणार? एका पत्त्यासाठी नवी प्लेट, नवे ताव, आणि दुपारी मशीन न्यायला ट्रक यायचा होता. तेव्हा एकतीस वर्षं ज्या पेडलवर पाय ठेवला त्याच पेडलवर पाय ठेवून त्यांनी खांब्याशिवायचे दोनशे कॅट स्वतःच्या हातानं कापले. एकेक ताव. कडा एवढ्या गुळगुळीत की बोट फिरवत राहावं. खेळण्यांचा एक व्यापारी मालकाच्या ओळखीचा होता, त्याचा टेम्पो चारला आला आणि खोकी घेऊन गेला. कुठं गेली, कुणाच्या घरी गेली, काही ठावठिकाणा नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्यापाशी थोडी राहिली. परवा तो मला म्हणाला, "एक बाई विचारत होत्या, हा खेळ कुणी जिंकतं का? त्यांच्या घरचे तीन आठवडे बुडताहेत." मी म्हटलं, त्यांना सांग, पुस्तक वाचा. तो म्हणाला, "कुठलं पुस्तक?" खोक्यावर पुस्तकाचं नाव आहे हो, खाली, बारीक टायपात. जाड टायपात मुख्याध्यापिकांची राणी आहे.

घरच्या खेळासाठी डायवाल्यांनी खोकल्याच्या खोक्यातून जुना खांब्या काढून नव्या कॅटात ठेवलाय. आम्ही रविवारी अधूनमधून जिंकतो. पण तो एक पत्ता बाकीच्यांपेक्षा जाड आहे, नवा गुळगुळीत कॅट पिसताना तेवढाच अडकतो. लेखिकाबाई काही खेळायला बसत नाहीत. दवाखान्यातून येतात, चहा ठेवतात, खुर्ची खिडकीपाशी ओढून बसतात. लाँड्रीची यादी अजून त्याच फायलीतल्या पानांवर होते. निवृत्त माणसाला आता वेळच वेळ, तेव्हा दर सोमवारी ते कपडे आणायला जातात आणि रस्त्यातच कागद उलटा करून बघतात. मला जिन्यात भेटले, तर यादी हातात होती.

"काय, आज कुणाचा नंबर?" मी म्हटलं.

"बकरी," ते म्हणाले. मग कागद सुलटा करून, "फायलीत अकरा पानं उरलीत. मी बघितली. अकराच्या अकरा पानांवर खांब्या आहे."

"मग? म्हणजे ती पानं ठेवणार आहे? लिहिणार आहे पुढं?"

"काय की. पुढच्या सोमवारी कळेल. त्याच्या पुढच्या सोमवारी कळेल."

"अहो, विचारा ना तिला सरळ!"

त्यांनी यादीची घडी घातली, चौकोनी, कडेला कड. विचारणार नव्हतेच ते. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला नेहमी राग येतो, आणि राग आला की माझ्या नऊच्या नऊ जिभा सुटतात. म्हटलं, "कमाल आहे तुमची डायवाले! डोंगरखाऊ ठेवलात, अर्धवट मांत्रिक ठेवलात, माझी ती बिनकामाची साळुंकी सुद्धा ठेवलीत, आणि नेमका ज्याच्यावर सगळं उभं तो काढलात. एवढं साधं कळलं नाही तुम्हाला?"

ते दोन पायऱ्या वर गेले होते. कपड्यांचं गाठोडं कठड्यावर टेकवून वळले.

"वहिनी, साळुंकीसाठी तुम्ही माझ्या दारात चार वेळा आलात. खांब्यासाठी कुणी एकदा तरी आलं का?"